होडीच्या डेकवर खरा साग की सागाची नक्कल?

आज एकदम होडीचा विषय घेतलाय म्हणून हसू नका. पनवेलच्या खाडीकाठच्या आमच्या एका गटाने कर्ज काढून जुनी होडी घेतली. त्या होडीच्या डेकने आम्हाला जे शिकवलं, ते खाडीकाठच्या दुसऱ्या गटांना आधीच कळावं, म्हणून हे बोलणं. डेक म्हणजे होडीत आपण पाय ठेवतो, उभं राहतो, बसतो ती जमीन. घरात फरशी, तसा होडीत डेक.

होडीची कल्पना आली वेंगुर्ल्याहून. तिथल्या मांडवी खाडीत स्वामिनी बचत गटाच्या बायका २०१७ पासून पर्यटकांना होडीत बसवून कांदळवन दाखवतात. वल्हं त्याच मारतात, झाडांची आणि पक्ष्यांची माहितीही त्याच देतात. हे आम्ही बैठकीत सांगितलं तेव्हा आमच्या बाया म्हणाल्या, खाडी तर आपल्याही दाराशी आहे. कांदळवन आहे, बगळे आहेत, थंडीत रोहित पक्षी येतात. इकडे ऐरोलीला वनखात्याच्या केंद्रातून लोक रोहित बघायला बोटीने जातातच. मग आपण का नाही?

होडी मिळाली ती फायबरची, वीस फूट लांब, सहा फूट रुंद. आम्ही बघायला गेलो तेव्हा सगळ्यांची नजर डेकवरच खिळली. मध-रंगाच्या फळ्या, मध्ये काळ्या बारीक रेघा, अगदी शेटलोकांच्या बोटीसारख्या. विकणारा म्हणाला, “सागाचं काम आहे, ताई.” हात लावल्यावर कळलं की साग नाही, सागासारखी दिसणारी प्लास्टिकची चादर आहे. पण दिसत होती छान. आम्ही इंजिन तपासलं, तळ तपासला, कागद तपासले. डेककडे बघून नुसत्या खूश झालो.

दुसऱ्या महिन्यात बाकाजवळ उभ्या असलेल्या आमच्या एका ताईचा पाय डेकमधून आरपार खाली गेला. नडगी सोलून निघाली. नशीब की होडी काठाला बांधलेली होती आणि प्रवासी बसलेले नव्हते. सुरीने ती सुंदर चादर कापून उचलली, तर खालचं प्लायवूड चहात बुडवलेल्या पावासारखं झालेलं. बोटाने उकरलं तरी निघत होतं. आणि वास असा की दोघीजणी नाकाला पदर लावून बाजूला झाल्या.

असं का झालं? बसायची बाकं डेकमधून आरपार बोल्ट मारून बसवली होती. बोल्टच्या भोकातून थोडं थोडं पाणी आत जायचं. वरून चादर चिकटवलेली, म्हणजे आत गेलेल्या पाण्याला वर यायला वाट नाही आणि वाऱ्याला आत जायला वाट नाही. आपल्या जुन्या लाकडी होड्यांत आतल्या फळ्या सुट्या असायच्या. पाणी फटीतून खाली उतरायचं, ते उपसून टाकायचं, फळ्या काढून उन्हात वाळवायच्या. चिकटवलेल्या चादरीखाली हे काहीच होत नाही. वरून डेक नवरीसारखा नटलेला आणि खाली कुजका, असं दोन-दोन वर्षं चालू शकतं.

तेव्हा जुनी होडी घेताना आम्ही आता काय करतो ते आधी सांगतो. हातात एक रुपयाचं नाणं घ्यायचं आणि सगळ्या डेकवर टकटक करत फिरायचं. चांगल्या जागी आवाज खणखणीत येतो, कुजलेल्या जागी बद्द येतो. मडकं घेताना वाजवून बघतो ना, तसंच. मग टाचेवर भार देऊन चालायचं. पाय दबल्यासारखा वाटला तर तिथे थांबायचं. बोल्टभोवती, झाकणांच्या कडेला आणि चादरीच्या कोपऱ्याला नखाने उचलून बघायचं. कडेतून तपकिरी पाणी झिरपलं तर आत लाकूड सडतंय असं समजा. जमलं तर पाऊस होऊन गेल्यावर दोन दिवसांनी होडी बघायला जा. बाकी सगळं वाळलेलं असताना जिथे ओल दिसते, तिथेच दुखणं असतं.

आता डेक नवा करायचा होता आणि हातात पैसे थोडे. कर्जाचा हप्ता काही थांबत नाही. मग चौकशी सुरू केली. एक म्हणाला खरा साग लावा, एक म्हणाला सिंथेटिक टीक, तिसरा फोमची शीट घेऊन आला आणि एका जुन्या तांडेलांनी सांगितलं की रंगात वाळू घाला आणि गप बसा.

मुळात सागाचं एवढं कौतुक का, ते बघू. सागाच्या गाभ्यात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे तो पाण्यात लवकर कुजत नाही. ओला झाला तर फार फुगत नाही, वाळला तर फार आकसत नाही. त्यात वाळूसारखा सिलिका असतो, म्हणून तर सुताराचा रंधा सागावर लवकर बोथट होतो. डेकवर रोज पाय घासून लाकडाचा मऊ भाग झिजतो आणि कठीण रेषा किंचित वर राहतात. ओल्या पायाला पकड मिळते ती या रेषांमुळे. आपल्या मुंबईच्या गोदीत वाडिया घराण्याने सागाची मोठमोठी जहाजं बांधली. त्यातलं ट्रिंकोमाली नावाचं इंग्रजांचं लढाऊ जहाज १८१७ साली मलबारच्या सागातून बांधलं, आणि ते आजही इंग्लंडात हार्टलपूल गावी पाण्यावर आहे. दोनशे वर्षांहून जास्त!

पण तो जुन्या जंगलाचा साग होता. डेकसाठी जगभर नाव होतं ते ब्रह्मदेशच्या जंगली सागाचं. म्यानमारने २०१४ मध्ये ओंडके बाहेर पाठवणं बंद केलं. २०२१ मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतल्यावर अमेरिका आणि युरोपने तिथल्या सरकारी लाकूड कंपनीवर निर्बंध घातले. आपल्याकडे चंद्रपूर-गडचिरोलीचा साग उत्तम. २०२३ मध्ये अयोध्येच्या राममंदिरासाठी तो इथूनच गेला. पण तो देवळाला आणि धनवंतांच्या दाराला परवडतो. वखारीत आपल्याला जो साग दाखवतात तो पुष्कळदा परदेशच्या लागवडीचा, कमी वयाच्या झाडाचा असतो. त्यात गाभा कमी आणि बाहेरचं पांढरं लाकूड जास्त. ते पांढरं लाकूड साग म्हणून विकलं तरी सागासारखं टिकत नाही. फळी घेताना आडव्या कापाकडे बघा. मध्ये सोनेरी-तपकिरी आणि कडेला फिकट पट्टा असेल, तर तो पट्टा वजा करूनच भाव बोला.

आमच्या डेकचा हिशेब असा झाला. वीस गुणिले सहा म्हणजे १२० चौरस फूट. फळी दहा मिलिमीटर जाडीची धरली तर जवळजवळ चार घनफूट लाकूड लागतं. कापणी आणि छाट धरली की पाचावर जातं. वर ते बसवणारा कारागीर वेगळा. वखारीतला भाव ऐकून आम्ही चहा पिऊन परत आलो.

सिंथेटिक टीक म्हणजे पीव्हीसी प्लास्टिकच्या पट्ट्या. साधारण पाच मिलिमीटर जाड, वर सागासारखी रेघ आणि खरखर, मधल्या काळ्या रेघाही प्लास्टिकच्याच. डेकचा कागदी नमुना काढून दुकानात त्या मापाची चादर करतात, सांधे गरम करून वितळवून जोडतात आणि होडीवर आणून चिकटवतात. त्याचे गुण खरे आहेत. कुजत नाही, तेल-पॉलिश मागत नाही, माशाचं रक्त सांडलं तरी साबण आणि मऊ ब्रशने निघतं. कोणी हलकं म्हणून विकलं तर मात्र थांबा. पाच मिलिमीटरची चादर चौरस मीटरला सहा किलोच्या आसपास भरते. आमच्या पूर्ण डेकला सदुसष्ट किलो, म्हणजे एक धडधाकट प्रवासी कायमचा उभा. दहा मिलिमीटरचा साग जवळपास तेवढाच भरतो. लहान होडीत वरच्या बाजूला वजन वाढलं की होडी जास्त डुलते, हे कोळणीला सांगायला नको.

फोमची शीट सगळ्यात हलकी. आमच्या डेकला बारा-तेरा किलोत भागलं असतं. मागे गोंद लावूनच येते, कागद सोलायचा आणि चिकटवायचं. पायाला मऊ लागते. पण उन्हाने काही वर्षांत विटते, गळाचा आकडा लागला की फाटते, आणि कडा एकदा उचलली की रोज थोडी थोडी सोलत जाते. ज्या होडीत जाळी, नांगर, टोपल्या ओढल्या जातात तिथे ती टिकेल असं आम्हाला वाटत नाही.

चौथी वाळूची गोष्ट. फायबरवर बोटीचा रंग मारायचा, तो ओला असतानाच धुऊन, वाळवून, बारीक चाळलेली नदीची वाळू भुरभुरायची. वाळला की सुटी वाळू झाडून काढायची आणि वरून दुसरा हात द्यायचा. समुद्राची वाळू घेऊ नका, तिच्यातलं मीठ ओल धरतं आणि रंग सुटतो. ही पकड भक्कम असते आणि खर्च सगळ्यात कमी. दोष एवढाच की गुडघे टेकून काम करणाऱ्यांचे गुडघे सोलतात आणि साडीचे काठ विरतात. आमच्या बाया म्हणाल्या, गुडघे आधीच सोललेले आहेत, काठांचं मात्र बघा.

आता नुसतं ऐकून कसं ठरवायचं? आम्ही प्रत्येकाकडून वीतभर तुकडा मागून आणला. तुकडा देत नाही त्याच्याकडून माल घ्यायचा नाही, हा नियम करून टाका. एप्रिलमध्ये एका ताईंच्या अंगणात अकरा वाजता तुकडे मांडले आणि दोन वाजता अनवाणी पायाने एकेकावर उभ्या राहिलो. गडद तपकिरी सिंथेटिक टीकवर पाच आकडे मोजेपर्यंत कोणीही टिकलं नाही. तोच माल फिकट राखाडी रंगात होता, त्यावर चटका बसला पण उभं राहता आलं. खऱ्या सागावर आरामात उभ्या राहिलो. फिकट फोमही बरा. वाळूचा रंग फिकट होता, म्हणून तोही सोसला. म्हणजे सागाचा हुबेहूब रंग दिसावा म्हणून जो गडद तुकडा सगळ्यांना आवडला होता, तोच पायाला सगळ्यात वाईट निघाला. मुंबईच्या मोठ्या बोटींवर लोक चपला-बूट घालून फिरतात, त्यांचं भागतं. आमच्या होडीत बाया अनवाणी आणि पर्यटकांची पोरंही चपला काढून बसणार.

मग त्याच तुकड्यांवर पाणी ओतलं, बोंबील धुतलेलं पाणी ओतलं, साबण ओतला आणि पाय घासून बघितला. वाळू पहिली, साग आणि खरखरीत सिंथेटिक टीक बरोबरीत. एका दुकानाचा गुळगुळीत तुकडा तर नुसत्या पाण्यावरच घसरला. तो तिथल्या तिथे बाद. शेवटी तुकड्यांवर खाडीचा चिखल फासून रात्रभर ठेवला. कासाडीच्या पाण्याने आपल्या खाडीचा चिखल कसा झालाय ते तुम्हाला माहीत आहे. पांढऱ्या-क्रीम रंगावर त्याचा डाग राहिला, राखाडीवर दिसेना.

ठरवायच्या दिवशी गटात भांडण झालं, खोटं कशाला बोलू! तरुण मुली म्हणत होत्या, पर्यटक फोटो काढतात, होडी दिसायला पाहिजे, पूर्ण डेकला सागासारखंच करू. गटातल्या सगळ्यात मोठ्या आजी म्हणाल्या, “होरी काय दिवाणखाना हाय का?” मुलींचं म्हणणंही खोटं नव्हतं. माणसं बसली नाहीत तर हप्ता कोण भरणार? शेवटी मधला मार्ग निघाला. बसायच्या मधल्या पट्ट्याला, साधारण चाळीस चौरस फुटांना, फिकट राखाडी सिंथेटिक टीक. नाळेकडे आणि दोन्ही कडांना, जिथे उभं राहून काम चालतं तिथे, वाळूचा रंग. आणि होडीत चढताना पहिला पाय पडतो तिथे पाडलेल्या जुन्या घराच्या सागाची एक सुटी फळी. ही फळी स्वस्तात मिळाली. तिचे खिळे मात्र चुंबक फिरवून शोधून काढावे लागले. चादरीचं वजन सदुसष्टवरून बावीस किलोवर आलं.

चादर एकसंध न घेता तीन तुकड्यांत घेतली. एक खराब झाला तर तेवढाच बदलता येईल, आणि मधल्या दोन फटींतून पाणी कुठे जातंय ते डोळ्यांना दिसेल.

पण खरा खर्च चादरीखाली केला, आणि तो करायलाच पाहिजे. प्लायवूड घेताना दुकानदार “वॉटरप्रूफ आहे” म्हणतो तेवढ्यावर जाऊ नका. पाटीवर आयएस ७१० हा आकडा आणि आयएसआयची खूण बघा. ते मरीन प्लाय. आयएस ३०३ लिहिलेलं असेल तर ते घराच्या फर्निचरचं. आयएस ७१०च्या परीक्षेत तुकडा बहात्तर तास उकळतात. आम्ही बहात्तर तास गॅस कुठून आणणार? पण आमच्या ताईंनी चुलीवरच्या टोपात तुकडा चार-पाच तास उकळला आणि थर सुटतात का बघितलं. सुटले असते तर माल परत केला असता. मग त्या प्लायच्या दोन्ही बाजूंना आणि चारही कडांना फायबर मारून घेतलं. कडा उघडी राहिली की पाणी तिथूनच पितं.

बाकं आता डेकमधून बोल्ट न मारता होडीच्या बाजूच्या आडव्या पट्टीवर बसवली. दोन भोकं टाळता आली नाहीत. तिथे कारागिराने मोठं भोक पाडून ते इपॉक्सीने भरलं, वाळू दिलं, आणि त्या भरावात बोल्टचं लहान भोक पाडलं. त्यामुळे पाणी शिरलंच तरी लाकडाला लागत नाही. हे काम कारागीर आपणहून करत नाही, अर्धा दिवस जास्त जातो. समोर बसून करून घ्यावं लागतं.

चिकटवायची वेळही महत्त्वाची. गोंद ओल्या जागेवर धरत नाही. मासेमारीबंदी १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत, होड्या तेव्हाच वर ओढलेल्या असतात, म्हणून सगळे म्हणतात तेव्हा करू. पण तेव्हाच हवा सगळ्यात दमट. आम्ही काम मेमध्येच, सकाळी सावलीत केलं. चादर आदल्या दिवशी सपाट पसरून ठेवली, म्हणजे गुंडाळीचा बाक निघतो. गोंद दातेरी पट्टीने सारखा पसरला, मधून कडेकडे रूळ फिरवून हवा काढली आणि वर वाळूची पोती ठेवून दिली. फुगा राहिला तर पुढे तिथेच पाणी साठतं.

एक गोष्ट विसरण्याआधी सांगते. चादरीचे उरलेले तुकडे एका वहिनींनी चुलीत घालायला नेले होते. पीव्हीसी जाळलं की आम्लाचा धूर निघतो, छातीत जातो, आणि त्यात फार विषारी द्रव्यं असतात. चुलीत, शेकोटीत, बंबात, कुठेच घालू नका. आमच्याकडच्या मोठ्या तुकड्यांची पायपुसणी झाली, बारीक तुकडे पालिकेच्या सुक्या कचऱ्यात दिले. डेक पुसायलाही पेट्रोल किंवा थिनर वापरू नका, चादर चिकट होते. साबण पुरे. सागाच्या फळीला तर साबणही नको, खारं पाणी आणि हलका ब्रश, तोही रेषांना आडवा फिरवायचा. उभा घासला तर मऊ लाकूड निघून जातं.

जखम झालेल्या ताई आता पुन्हा होडीवर येतात. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी त्याच नाणं घेऊन डेक वाजवत फिरतात, आणि बोल्ट दुसऱ्या कोणाला बघू देत नाहीत. फटी भरायच्या सीलंटची नळी लाइफ जॅकेटांच्या पेटीत ठेवलेली असते.

प्रवासी नेण्यासाठी महाराष्ट्र सागरी मंडळाची नोंदणी आणि होडीची तपासणी लागते. डेक बदलला असेल तर तपासणीला येणाऱ्यांना वजनासकट सांगा. त्या कागदांना आम्हाला किती फेऱ्या पडल्या आणि कुठला कागद आधी लागतो, ते पुढच्या वेळी.